मासेमारीला निघताना टेप घ्या

पैठणच्या माणसाला मासे काय सांगायचे, असं वाटून हे लिहायचं बरेच दिवस टाळलं. नाथसागराच्या काठावर वाढलेल्या पोराला रोहू, कटला, मरळ, चिलापी न सांगता ओळखता येतात. घरात माळ असली तरी गल्लीत वास येतोच. पण कॅनडातल्या व्हँकुव्हर बेटावर, कॅम्पबेल रिव्हर नावाच्या गावात राहायला आल्यापासून गावाकडचे दोन फोन चुकत नाहीत. एक आईचा. दुसरा शाळेतल्या दोस्ताचा. तो भोई समाजातला, मच्छीमार संस्थेचा सभासद, आजही संध्याकाळी धरणात जाळं लावतो आणि पहाटे काढतो. इथल्या मासेमारीतली एकच गोष्ट, धरलेला मासा परत पाण्यात सोडणं, दोघांनाही पटत नाही, आणि दोघांची कारणं अगदी उलटी आहेत.

आधी जागा सांगतो. गावासमोर डिस्कव्हरी पॅसेज ही समुद्राची अरुंद पट्टी, पलीकडं क्वाड्रा बेट. उत्तरेला थोडं गेलं की सेमूर नॅरोज. भरती-ओहोटीच्या जोरात तिथलं पाणी १५ नॉटपर्यंत, म्हणजे ताशी २७-२८ किलोमीटरनं पळतं. जायकवाडीचे दरवाजे उघडल्यावर खाली जे पाणी फिरतं ना, तसं पाणी इथं रोज, आणि दिशा बदलून बदलून. या चिंचोळ्या जागेत पाण्याखाली रिपल रॉक नावाचा दोन शेंड्यांचा खडक होता. त्यानं कित्येक जहाजं आणि माणसं खाल्ली. शेवटी शेजारच्या बेटावरून समुद्राच्या तळाखालून बोगदा खणून, खडकाच्या पोटात हजार टनांहून जास्त स्फोटकं भरून ५ एप्रिल १९५८ ला तो उडवला. टीव्हीवर लोकांनी थेट बघितला म्हणे. खडक गेला, पाण्याची ओढ तशीच आहे. म्हणून इथं होडी काढायच्या आधी माणूस आभाळाकडं नाही, भरतीच्या तक्त्याकडं बघतो. पाणी एका दिशेनं थांबून दुसरीकडं वळायच्या आगेमागेचा जो तास असतो, तेव्हा मासा खातो, असं इथले जुने लोक सांगतात. माझा अनुभवही तोच.

मी जातो ते शेजारच्या आजोबांबरोबर. इथली कागद गिरणी २०१० साली कायमची बंद झाली, तिथं त्यांची उमेदीची वर्षं गेली. आता एक सोळा फुटी अ‍ॅल्युमिनियमची होडी, मागं इंजिन, आणि दोन गळ एवढाच संसार. इंजिनाची होडी चालवायला परीक्षा देऊन कार्ड काढावं लागतं. होडीत माणशी एक लाइफ जॅकेट हवंच. आपल्याकडं पोहता येणारा माणूस जॅकेटला हसतो. इथं पोहण्याचा फारसा संबंध नाही. पाणी इतकं गार असतं की पडलेल्या माणसाचे हात काही मिनिटांत कामातून जातात, मग पोहता येत असून नसल्यासारखंच.

दोस्ताचा पहिला प्रश्न ठरलेला होता. "जाळं कामून टाकीत न्हाई?"

टाकता येत नाही. हौशी माणसाला सॅमनसाठी फक्त गळ आणि दोरी, आणि धरलेला मासा विकायचा नाही. विकला तर गुन्हा. जाळ्यानं धरणारे व्यावसायिक वेगळे, त्यांचे परवाने वेगळे. आणि या दोघांच्याही आधी इथले मूळ रहिवासी. आमच्या गावात वेई वाई कुम आणि वी वाई काई हे त्यांचे समाज आहेत. अन्नासाठी आणि धार्मिक कार्यासाठी मासे धरायचा त्यांचा हक्क कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं १९९० च्या स्पॅरो खटल्यात मान्य केला. क्रम असा ठरला: पहिल्यांदा मासा टिकला पाहिजे, मग मूळ रहिवाशांचा वाटा, मग बाकीचे. म्हणजे आम्ही हौशे-गवशे पंगतीत शेवटी. मला यात काही चुकीचं वाटत नाही.

सॅमन इथं पाच जातींचा. चिनूक, कोहो, सॉकाय, पिंक आणि चम. नदीत जन्मायचं, समुद्रात वाढायचं, मग जन्मलेल्या नदीत परत येऊन अंडी घालायची आणि मरायचं, ही पाचही जणांची रीत. पिंकचं आयुष्य बरोबर दोन वर्षांचं, आणि पलीकडं मुख्य भूमीवरच्या फ्रेझर नदीत तो विषम सालातच लोटतो. सगळ्यांत मोठा चिनूक. सगळ्यांना तोच हवा असतो आणि नियमही त्याच्यासाठीच जास्त.

चिनूक खोल असतो, शंभर-दीडशे फुटांवर. एवढ्या खोल गळ न्यायला होडीच्या कडेला डाउनरिगर बसवलेला असतो. बारीक पोलादी तार, तिच्या टोकाला साडेचार-पाच किलोचा शिशाचा गोळा. गोळ्याच्या वर एक चिमटा, त्यात आपली दोरी अडकवायची आणि गोळा खाली सोडायचा. किती फूट गेला ते तिथल्या आकड्यावर दिसतं. दोरीला पुढं वीतभराहून लांब चमकती पट्टी, ती पाण्यात गरगर फिरते. तिच्या मागं पाच-सहा फुटांवर गळ. गळावर खारवलेला छोटा मासा, नाहीतर हूची. हूची म्हणजे रबरी झालरीचं खोटं माकूळ (स्क्विड), हिरवं-पांढरं, अंधारात चमकणारं. मग होडी माणसाच्या चालण्याच्या वेगानं हाकत राहायची.

दोरी ताणलेली असल्यामुळं काठी कमानीसारखी वाकून थरथरत असते. माशानं ओढ दिली की खाली चिमटा सुटतो आणि काठी एकदम ताठ होते. नवख्याला वाटतं, गेला. तिथंच घाई करायची. सैल दोरी भराभर गुंडाळायची, वजन हाताला लागेपर्यंत. लागलं की मग तो ठरवतो काय करायचं ते. इथल्या जुन्या पद्धतीच्या रिळाला ब्रेक म्हणजे आपला तळहात. मासा पळाला की रिळाची मूठ उलटी फिरते आणि बोटांच्या पेरांवर बसते. आजोबांच्या उजव्या हाताच्या पेरांवर त्याचे वळ कायमचे आहेत.

आणि सील. मासा होडीपासून दोन हातांवर आला की काळं गोल डोकं वर येतं, डोळे अगदी निरागस. पुढच्या क्षणी दोरीला नुसतं डोकं उरतं. दोस्ताला हे सांगितलं तेव्हा त्याला फार बरं वाटलं. "आमचे पाणकावळे परवडले," म्हणाला.

आता मुद्द्याचं. मासा होडीच्या कडेला आला म्हणजे तो आपला झाला, असं नाही. इथून परीक्षा सुरू.

तो पाण्यातच ठेवून बघायचा. शेपटीच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही पात्यांवर ठिपके असतील आणि हिरड्या काळ्या असतील, तर चिनूक. ठिपके फक्त वरच्या पात्यावर आणि हिरड्या पांढरट, तर कोहो. कोहो असेल तर नजर पाठीवर, शेपटीच्या अलीकडं. तिथं नखाएवढा एक मांसल, काटे नसलेला पर असतो. हॅचरीत, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात, वाढवलेल्या पिल्लांचा हा पर सोडायच्या आधी कापून टाकतात. पर नसेल आणि त्या जागी भरून आलेली गुळगुळीत कातडी असेल, तर मासा हॅचरीचा. पर शाबूत असेल तर तो नदीत आपोआप जन्मलेला, आणि आमच्या भागात असा कोहो बहुतेक वेळा सोडावाच लागतो. चिनूक असेल तर मोजायचा टेप. नाकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत ६२ सेंटिमीटर. एक सेंटिमीटर कमी भरला तरी परत पाण्यात. गळाला उलटा काटा ठेवायला बंदी आहे, तो चिमट्यानं दाबून सपाट केलेला असतो, म्हणून गळ चटकन निघतो. चिनूक ठेवला, तर तिथल्या तिथं परवान्यावर तारीख, भाग आणि जात लिहायची. घरी जाऊन लिहितो म्हणून चालत नाही. अधिकारी स्पीडबोटीतून येतात आणि ओल्या हातानं परवाना मागतात.

वर मोसमाचे नियम. २०१९ पासून फ्रेझर नदीचा चिनूक वाचवण्यासाठी दक्षिण किनाऱ्यावर बऱ्याच भागांत एप्रिल ते मध्य जुलै चिनूक ठेवायलाच मनाई झाली, आणि माणशी वर्षाला ३० ची मर्यादा १० वर आली. त्यावेळी इथल्या बोटवाल्यांनी फार आरडाओरड केली. भाड्यानं होड्या नेणाऱ्यांचा धंदा बसला, हे खरंच आहे. पण चिनूकवर फक्त माणसं जगत नाहीत. इथल्या दक्षिणेकडच्या किलर व्हेलचा जो एक गट आहे, तो शंभराच्या आत आलाय आणि त्याचं मुख्य खाणं चिनूक. त्याच फ्रेझरमध्ये २०१८ च्या शेवटी बिग बार इथं डोंगराचा कडा कोसळला, आणि वर जाणाऱ्या माशांची वाट अडली. दरड निर्मनुष्य दरीत कोसळली होती, २०१९ च्या जूनमध्ये लोकांच्या ध्यानात आली. मग हेलिकॉप्टरनं मासे उचलून वर नेले. मासा हेलिकॉप्टरनं जातो, हे मी दोस्ताला दोनदा सांगितलं तेव्हा त्याला खरं वाटलं.

तर दोस्ताचं म्हणणं: "हातात आलेली लक्षुमी पाण्यात टाकतूस? आरं, एक शेंटीमीटरानं काय धरण आटणार हाय का?" मी नियमांची पोथी उघडली. संस्था मत्स्यबीज सोडते, बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, वाढायच्या आत बारीक जाळ्यात येते, हे तूच तर सांगत होतास, म्हणालो. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "टेप लावाया काय झालं. तू पगारावर मासे धरतूस. माझ्याकडं टेप आला तर त्या दिवशीचं दुकान कोण भागवंल?" याच्यावर मला बोलता आलं नाही, आणि अजूनही येत नाही. ६२ सेंटिमीटरचा नियम पाळणं मला सोपं जातं, कारण माझी चूल त्याच्यावर नाही.

आईचा प्रश्न दुसऱ्या टोकाचा. ती माळकरी. मासा खाणं तिला पटतच नाही, पण खाणाऱ्याचं ती समजून घेते. तिला कळत नाही ते हे: "सोडायचाच हाय तर टोचता कशाला बाबा? त्याला काय खेळ वाटतो का?" इथं असे बरेच लोक आहेत की त्यांचा कोटा सकाळी नऊलाच भरतो आणि तरी ते दुपारपर्यंत मासे गळाला लावतात, फोटो काढतात, सोडतात. सोडलेले सगळे जगत नाहीत. मत्स्यखातंसुद्धा त्यातले काही मरणार हे हिशोबात धरूनच मर्यादा ठरवतं. माझ्या मते आईचं बरोबर आहे. लहान निघाला म्हणून सोडणं वेगळं, आणि मजेसाठी धरून सोडणं वेगळं. आजोबांचाही हाच खाक्या: आपल्या वाट्याचे झाले की काठ्या आत, इंजिन घराकडं.

हौसेची एक जुनी तऱ्हा मात्र मला आवडते. गावाच्या नदीच्या मुखाशी टायी क्लब आहे, १९२४ चा. ३० पौंड किंवा त्याहून मोठा चिनूक म्हणजे टायी. क्लबचा सभासद व्हायचं तर इंजिनाच्या होडीतून धरून चालत नाही. वल्ह्याची होडी, दोरी २० पौंडांपेक्षा जास्त ताकदीची नको, एकच गळ, आणि खरं आमिष नाही. हंगाम १५ जुलै ते १५ सप्टेंबर. संध्याकाळी डझनभर होड्या मुखाशी हळूहळू फिरत असतात, कुणी बोलत नाही. बहुतेक जण मोकळ्या हातानंच परततात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा येतात. आमच्या आजोबांना अजून टायी मिळालेला नाही. त्यांना विचारायचं नाही, एवढं मी शिकलोय.

खायचं म्हणाल तर चिनूकला स्वतःची इतकी चरबी असते की तव्यावर तेल घातलं तर पश्चात्ताप होतो. आम्ही हळद-मीठ लावून, वर गावाकडून आलेला काळा मसाला चोळून कातडीच्या बाजूनं भाजतो. रस्सा करायचा तर चम बरा, तो कोरडा असतो, मसाला धरतो. ज्वारीचं पीठ आणायला मात्र नानाइमोपर्यंत दीड तास गाडी, मग फेरी, मग पलीकडच्या सरे शहरातलं दुकान. बायको म्हणते, इथं मासा फुकट आणि भाकरी सोन्याची. मासाही फुकट नाही, हे पेट्रोलची पावती बघितल्यावर तिला कळतं.

कुणी फिरायला येणार असाल तर परदेशी माणसालाही एक, तीन किंवा पाच दिवसांचा परवाना ऑनलाइन मिळतो. सॅमन ठेवायचा असेल तर त्यावर वेगळा सॅमनचा स्टॅम्प घ्या, नाहीतर धरलेला सोडावा लागेल. ऑगस्टमध्ये या. स्वेटर तेव्हाही लागतो. बोट लागणाऱ्यांनी गोळी आदल्या रात्रीच घ्यावी.

दोस्तानं मागच्या दिवाळीला येणाऱ्या पाहुण्याबरोबर चार हूची मागवल्या होत्या, नाथसागरात लावून बघतो म्हणून. मी सांगितलं, कटला वरचं बारीक प्लवंग खातो, मृगळ तळाचा गाळ, त्यांना हे रबर दाखवून काही उपयोग नाही. घेतली तर मरळच घेईल. परवा फोन आला. मरळ लागली नाही. एक हूची तळाच्या बाभळीच्या खोडात अडकली, दुसरी त्याच्या पोरानं सायकलच्या हँडलला बांधली. उरलेल्या दोन संस्थेच्या अध्यक्षांनी बघायला म्हणून नेल्या आहेत.