वाट सोडून एउनातेला

आळंदीहून पंढरपूरला मी दोनदा चालत गेले आहे, आणि दिंडीत असताना वाट कुठे वळते याचा विचार एकदाही करावा लागला नव्हता. पुढची पताका दिसत राहिली की पुरे. स्पेनमधील सांतियागो दे कोम्पोस्तेलाच्या वाटेवर पताकेचे काम पिवळे बाण करतात. भिंतीवर, विजेच्या खांबावर, क्वचित रस्त्याच्या कडेच्या धोंड्यावर रंगवलेले हे बाण आणि त्यांच्या जोडीला संत याकोबाचा, म्हणजे ज्याच्या नावाची ही यात्रा त्या सांतियागोचा, शिंपला, एवढ्या खुणांवर माणसे फ्रान्सच्या सीमेवरील सँ-झाँ-पिए-द-पोर येथून सुमारे पावणेआठशे किलोमीटर चालतात. एउनातेचे चॅपल पाहायचे असेल तर मात्र मुरुसाबाल गावात हे बाण सोडून डावीकडच्या शेतांत उतरावे लागते, आणि अडीच-तीन किलोमीटरचा हा वळसा पायाला फोड आलेल्या माणसाला फार मोठा वाटतो. माझ्याबरोबर चालणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो टाळला.

त्या दिवशी पहाटे पाम्प्लोना सोडले होते. आल्तो देल पेर्दोन म्हणजे ‘क्षमेची खिंड’. तिच्या माथ्यावर पवनचक्क्यांच्या रांगेजवळ यात्रेकरूंच्या लोखंडी पत्र्याच्या आकृती 1996 साली उभारल्या आहेत आणि प्रत्येक जण तिथे छायाचित्र काढतो. मीही काढले. पलीकडची उतरण सुट्या गोट्यांची असल्याने गुडघे बोलू लागले, आणि उतेर्गा ओलांडून मुरुसाबालला पोहोचेपर्यंत उन्हे चांगलीच चढली होती. मे महिना होता. गव्हाची शेते अजून हिरवी होती आणि बांधांवर पॉपीची लाल फुले आली होती.

एउनाते दुरून दिसते ते नुसते एकटे. जवळ गाव नाही, वस्ती नाही, शेतांच्या मधोमध पिवळसर दगडाची एक बुटकी अष्टकोनी वास्तू आणि तिच्या माथ्यावर घंटेसाठी उभारलेली कमानदार भिंत. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धातील हे बांधकाम कोणासाठी केले गेले, यावर बरेच वाद आहेत. आठ कोनांमुळे जेरुसलेममधील पवित्र वास्तूंची आठवण होते म्हणून अनेकांनी ते टेम्प्लर सरदारांच्या, म्हणजे धर्मयुद्धांच्या काळातील ख्रिस्ती लढवय्या पंथाच्या, नावावर चढवले आहे, परंतु तसा कागद कोणालाही मिळालेला नाही. मिळाली आहेत ती परिसरातील थडगी, आणि त्यांतील काहींमध्ये यात्रेकरूंचे शिंपले. वाटेत देह ठेवलेल्या यात्रेकरूंच्या दफनाची ही जागा असावी, हे मत मला गूढकथांपेक्षा अधिक पटते. वारीच्या वाटेवरही अशा समाध्या आहेतच.

मी पोहोचले तेव्हा दुपारच्या सुट्टीसाठी दार बंद झाले होते. चिडचिड झाली, पण ती फार वेळ टिकली नाही, कारण एउनातेचे कोरीवकाम बरेचसे बाहेरच आहे. चॅपलच्या भोवती काही पावलांच्या अंतरावर तेहतीस कमानींची एक ओवरी फिरली आहे. ओवरी म्हणावे तर तिला छप्पर नाही. कमानी आणि भिंत यांच्यामधला फरसबंदीचा पट्टा उघड्या आभाळाखाली आहे. बास्क भाषेत ‘एहुन आते’ म्हणजे शंभर दारे, त्यावरून एउनाते हे नाव पडले अशी एक व्युत्पत्ती सांगतात, आणि ती खरी असो वा नसो, या कमानींमधून जाताना ती पटते. मी पाठीवरची पिशवी भिंतीला टेकवून बूट काढले आणि प्रदक्षिणेला लागले. पायाखालचे दगड तापलेले होते, तरी बरे वाटले.

पहिल्या फेरीत मी फक्त चेहरे पाहिले. जुन्या स्तंभशीर्षांपैकी एकावर दाढीवाले मुखवटे आहेत, ज्यांच्या दाढीचे केस खाली येता येता दोन बाजूंना वळतात आणि गोल गोल वेटोळी होऊन शेजारच्या दाढीला भिडतात. आपल्याकडच्या मंदिरांतील कीर्तिमुखाच्या तोंडातून वेल निघते, तसाच हा प्रकार. दुसऱ्या एका शीर्षावर हात पसरलेला येशू आहे, पण त्याच्या मागे क्रूसच नाही. कारागिराला दगड कमी पडला की त्याला तसेच दाखवायचे होते, ते आता त्यालाच ठाऊक. छपराखालच्या तोड्यांवर आणखी तोंडे आहेत, काही इतकी झिजलेली की फक्त डोळ्यांच्या खोबण्या उरल्या आहेत.

दुसऱ्या फेरीत भिंतीजवळून चालले. माझे आजोबा पाथरवट होते. गावोगाव पाट्या-वरवंट्यांना टाकी लावून देत. त्यामुळे घडीव दगड दिसला की माझा हात आपोआप त्यावर जातो. छिन्नीच्या तिरक्या रेघा बोटांना अजून जाणवत होत्या, आणि त्या रेघांमध्ये मध्येच एखादी वेगळी खूण लागे. कुठे बाणासारखी, कुठे फुलीसारखी, कुठे नुसते एखादे अक्षर वाटावे अशी. या पाथरवटांच्या खुणा आहेत. ज्याने जितके दगड घडवले तितके त्याच्या नावावर धरून मजुरी चुकती करता यावी म्हणून त्या काढत, असे सामान्यतः मानले जाते. एक बाणासारखी खूण मला एकाच बाजूला तीन दगडांवर सापडली. आजोबा पाट्यावर सूर्य-चंद्र काढत, त्याचे पैसे मात्र वेगळे घेत नसत. मी ती खूण वहीत उतरवून घेतली.

दार उघडल्यावर आतला वेळ थोडक्यात आटोपला. खिडक्यांना काचेऐवजी अलाबास्टर या अर्धपारदर्शक दगडाचे पातळ तुकडे बसवले आहेत, त्यातून गाळलेल्या दुधासारखा उजेड येतो. आठ कोपऱ्यांतून निघालेल्या दगडी फासळ्या वर घुमटात जाऊन मिळतात, आणि अष्टकोनाच्या बाजू सारख्या लांबीच्या नसल्याने तो घुमट किंचित वाकडा दिसतो. मला तो वाकडेपणा आवडला. वाटेतल्या मुक्कामांचे शिक्के घेण्याची यात्रेकरूंची वही असते, त्या यात्रेच्या पासपोर्टवर एउनातेचा शिक्का घेतला. उत्तरेकडील नक्षीदार दाराचे उलटे प्रतिबिंब वाटावे असे दार जवळच्या ओल्कोस गावच्या चर्चला आहे, पण तिकडे जाण्याइतके पाय उरले नव्हते.

ओबानोसवरून पुएन्ते ला रेइनाला पोहोचेपर्यंत संध्याकाळ झाली. दुसऱ्या दिवशी पहाटे गावाबाहेर पडताना आर्गा नदीवरचा यात्रेकरूंसाठी बांधलेला पूल लागला. तो अकराव्या शतकातला, म्हणजे एउनातेहून सुमारे शंभर वर्षांनी जुना, हे ठाऊक असूनही मी कठड्याच्या दगडांवर ती बाणासारखी खूण शोधत हळूहळू चालले, आणि मागून येणारे ‘बुएन कामिनो’, म्हणजे ‘वाट सुखाची होवो’, म्हणत बाजूने पुढे निघून गेले.