उद्या प्रदर्शन, आज गप्पा

उद्या दादरला आमचं हस्तकलेचं प्रदर्शन. आज टेबलं मांडता मांडता मी सगळ्यांना विचारत सुटले, तुम्हाला हे सुचलं कुठून?

लालबागच्या काकू गोधड्या शिवतात. १९८२च्या गिरणी संपात घरातला पगार थांबला, तेव्हा त्यांच्या सासूबाईंनी जुनी लुगडी एकावर एक घालून धावदोरा घालायला घेतला. "त्यांचा टाका सरळ यायचा, माझा अजून वाकतो," म्हणाल्या. मी गोधडीवरून हात फिरवत राहिले. तो मऊपणा नव्या कापडाला येतच नाही.

शेजारी सावंतवाडीचा मुलगा गंजिफा, म्हणजे पारंपरिक खेळायचे पत्ते, रंगवत होता. दशावतारी संचात १२० पानं, सगळी गोल! त्याचा आवडता मत्स्य, कारण आजोबांची होडी.

माझी कापडी फुलं आजीच्या परसातल्या अबोलीवरून.

या नक्की. काकूंशी बोला.