निळ्या कड्याशेजारच्या पोकळ्या

अस्थिमज्जेतले लोह निळे दाखवणाऱ्या पर्ल्सच्या रंजनात रिंग सिडेरोब्लास्ट (केंद्रकाभोवती लोहाचे कडे असलेल्या, लाल पेशींच्या पूर्वपेशी) दिसले, की एमडीएस (मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम, म्हणजे मज्जेतल्या मूळ पेशींचा विकार) लिहून मोकळे होण्याचा मोह आम्हा पॅथॉलॉजिस्टना आवरत नाही. केंद्रकाच्या परिघाचा निदान एक तृतीयांश भाग लोहाच्या किमान ५ निळ्या कणांनी वेढलेला असेल, तर ती पेशी रिंग सिडेरोब्लास्ट ठरते. ही मोजणी ॲस्पिरेटच्या, म्हणजे सुईने ओढलेल्या मज्जेच्या, काचेवरच करावी, कारण बायोप्सीचे हाड मऊ करणारे आम्ल बहुतेकदा लोहही धुऊन नेते. पण पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात पोचलेल्या लोहाचे हीम (हिमोग्लोबिनचा लोह धारण करणारा भाग) झाले नाही, एवढेच ते कडे सांगते. का झाले नाही, हे कळण्यासाठी पेशींचे रूप दाखवणाऱ्या लिशमन रंजनाच्या काचेकडे परतावे लागते.

तिथे मी आधी पूर्वपेशींच्या पेशीद्रवातल्या पोकळ्या शोधतो. मद्यपानात त्या मुख्यतः प्रोनॉर्मोब्लास्टमध्ये, म्हणजे लाल मालिकेच्या सर्वांत आधीच्या पूर्वपेशीत, दिसतात. तांब्याच्या कमतरतेत मात्र लाल आणि पांढऱ्या अशा दोन्ही मालिकांच्या पूर्वपेशींत पोकळ्या असतात, न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी घटलेल्या असतात आणि प्लाझ्मा पेशींतही लोहाचे कण सापडू शकतात. पोकळ्या नसून इतर मालिकांतही डिसप्लेसिया (पेशींची बेढब वाढ) असेल, तर एमडीएसकडे वळावे. त्यातल्या रिंग सिडेरोब्लास्टच्या उपप्रकारासाठी डब्ल्यूएचओच्या २०१६ च्या वर्गीकरणात लाल पूर्वपेशींपैकी १५ टक्के रिंग सिडेरोब्लास्ट लागत, एसएफ३बी१ जनुकात उत्परिवर्तन असल्यास ५ टक्केही पुरत. लहान मुलग्यात एमसीव्ही (लाल पेशीचे सरासरी आकारमान) कमी असून कडी प्रामुख्याने उशिराच्या एरिथ्रोब्लास्टमध्ये (लाल पूर्वपेशींत) असतील, तर हीमनिर्मितीच्या एएलएएस२ जनुकाचा जन्मजात दोष आठवावा. आणि आपल्याकडे क्षयाच्या औषधांची चौकशी चुकवूच नये, कारण आयसोनियाझिड हीमनिर्मितीच्या पहिल्याच पायरीला लागणारे ब६ जीवनसत्त्व निकामी करते.

काही वर्षांपूर्वी एका काचेवर मी स्वतः एमडीएस लिहिण्याच्या बेतात होतो. कडी भरपूर होती, वयही साजेसे होते; पण मायलोसाइटमधल्या (पांढऱ्या मालिकेच्या पूर्वपेशींतल्या) बारीक, गोल पोकळ्या काही केल्या नजरेआड होईनात. फोन करून विचारले, तेव्हा रुग्ण दीड वर्ष रोज झिंकच्या (जस्ताच्या) गोळ्या घेत असल्याचे कळले. जस्तामुळे आतड्याच्या पेशींत मेटॅलोथायोनिन हे धातू बांधणारे प्रथिन वाढते, ते तांब्याला धरून ठेवते आणि पेशी झडल्या की तांबेही त्यांच्याबरोबर बाहेर जाते. सीरम कॉपर (रक्तातले तांबे) अगदीच खाली आले होते. गोळ्या थांबवून तांबे दिल्यावर काही आठवड्यांत हिमोग्लोबिन आणि न्यूट्रोफिल सावरले; पायांची बधिरता, जिच्याबद्दल मज्जा पाठवताना कोणी लिहिलेच नव्हते, ती मात्र पूर्ण गेली नाही.