जोड तोलामोलाची

तुम्ही कोणत्या गोष्टीत चारचौघांपेक्षा बरे आहात, असं सांगलीत कुणालाही विचारा. निम्मे लोक गाडी चालवण्यात म्हणतील, उरलेले माणसं ओळखण्यात. हे काही आपल्याकडचंच नाही म्हणा. १९८१ साली ओला स्वेन्सन या संशोधकाने अमेरिकेतल्या आणि स्वीडनमधल्या विद्यार्थ्यांना स्वतःच्या ड्रायव्हिंगची इतरांशी तुलना करायला सांगितली होती. कौशल्याच्या बाबतीत अमेरिकेतल्या ९३ टक्के आणि स्वीडनमधल्या ६९ टक्के जणांनी स्वतःला वरच्या अर्ध्यात बसवलं. सांगली-मिरज रस्त्यावर ही पाहणी झाली असती तर आकडा थेट शंभराला टेकला असता. मागच्या सीटवर बसलेल्यांनीही हात वर केले असते.

माझं मात्र उफराटं झालं. एका गोष्टीत मी खरोखर सरासरीच्या वर पोचलो होतो, त्याचा लेखी पुरावा रोज रात्री डोळ्यांसमोर होता आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

गोष्ट म्हणजे एज ऑफ एम्पायर्स हा संगणकावरचा खेळ. त्यातही दुसरा भाग, १९९९ सालचा. ज्यांनी तो खेळलाय त्यांना पुढचं सांगायला नको. न खेळलेल्यांसाठी एवढंच, की सुरुवातीला हातात तीन गावकरी, एक घोडेस्वार आणि थोडा शिधा असतो. त्यातून शेती, लाकूड, सोनं, दगड जमवत राज्य उभारायचं आणि समोरचा तेच करत असताना त्याचं मोडायचं. इथल्याच विश्रामबागेत इंजिनिअरिंगला असताना होस्टेलच्या खिडक्यांतून वायरी ओढून आम्ही हा खेळ खेळायचो. कुणाचा तरी संगणक, कुणाची तरी सीडी, आणि परीक्षा कुणाच्याच नाहीत असा एकूण थाट. आमच्यातला एक गडी या खेळात इतका बाप होता की त्याला आम्ही सरकार म्हणायचो. त्याच्या बाजूने खेळायला मिळावं म्हणून लोक त्याचं मेसचं ताट वाढून आणत.

मग नोकऱ्या, लग्नं वगैरे. मी काही वर्षांनी पुण्याहून परत आलो आणि वडिलांच्या हळदीच्या अडत दुकानात बसू लागलो. २०१९च्या नोव्हेंबरात या खेळाची नवी, चकचकीत आवृत्ती निघाली. ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी अर्ध्या गावात फिरून गेलेलं, त्याची आवराआवर अजून चालूच होती. अशा वेळी माणसाला रात्री जेवल्यावर दुसऱ्याचं राज्य बुडवण्यात जे सुख मिळतं ते काय वर्णावं! तेव्हापासून पोरं झोपली की मी बसतो. दुकानात सकाळी लवकर जायचं असतं, त्यामुळे एक डाव, फार तर दोन. निदान असं घरी सांगितलेलं आहे.

नव्या आवृत्तीत इंटरनेटवर अनोळखी माणसाशी एकास एक खेळता येतं आणि प्रत्येकाला रेटिंग, म्हणजे ताकद दाखवणारा आकडा असतो. हे प्रकरण मूळचं बुद्धिबळातलं, आणि बुद्धिबळाबद्दल सांगलीकराला कुणी शिकवायला नको. भाऊसाहेब पडसलगीकर आणि नूतन बुद्धिबळ मंडळाचं गाव हे; महिला ग्रँडमास्टर स्वाती घाटे इथलीच. हंगेरीत जन्मलेले आणि अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकवणारे अर्पाद एलो यांनी ही मोजणीची रीत बसवली, ‘फिडे’ या जागतिक बुद्धिबळ संघटनेने १९७० साली ती स्वीकारली. हिशेब मोठा सरळ आहे. दोघांत २०० गुणांचं अंतर असेल तर वरच्याने चारांतले साधारण तीन डाव मारावेत, ४०० असेल तर अकरांतले दहा. आमच्या खेळातलं गणितही त्याच घराण्यातलं. नवा माणूस हजारावर सुरू होतो. जिंकणाऱ्याला जे गुण मिळतात ते हरणाऱ्याच्या खिशातून जातात. त्यामुळे एकंदर सरासरी हजाराच्या आसपासच घुटमळत राहते.

मी हजारावर सुरू झालो आणि सातशेपर्यंत घरंगळत गेलो. होस्टेलमध्ये आमचा एक अलिखित नियम होता, तीस मिनिटं कुणी कुणावर चाल करायची नाही. तोवर प्रत्येकाने निवांत भिंती बांधाव्यात, किल्ले उभारावेत, शेतं नीट ओळीत लावावीत. इथे दहाव्या-अकराव्या मिनिटाला कुठल्याशा देशातला पोरगा भालेवाले घेऊन माझ्या लाकूडतोड्यांवर धावून यायचा. मी तोवर भिंतीचा दरवाजा कुठे शोभून दिसेल ते बघत असायचो.

शिकलो हळूहळू. यातलं बरंचसं शिकणं कंटाळवाणं आहे, त्याचं वर्णन करत नाही. रानडुकराचं तेवढं सांगतो. नकाशावर तुमच्या गावाजवळ दोन रानडुकरं असतात. एकेकात ३४० अन्न, म्हणजे जवळजवळ साडेतीन मेंढ्यांएवढं. पण ते गप उभं राहून मरत नाही. एका गावकऱ्याला पाठवून बाण मारायचा, ते चवताळून मागे लागलं की गावकऱ्याला टाऊन सेंटरकडे, म्हणजे गावातल्या मुख्य इमारतीकडे, पळवत आणायचं आणि तिथे मेंढ्या कापत बसलेल्या बाकीच्यांनी मिळून त्याला लोळवायचं. जरा लवकर वळलात तर डुक्कर अर्ध्या वाटेवरून परत जातं, जरा उशीर केलात तर गावकरी गेला. हे चालू असताना दर २५ सेकंदांनी नवा गावकरी जन्माला घालायचा असतो, घरं बांधायची असतात, आणि घोडेस्वाराला नकाशा धुंडाळायला पिटाळायचं असतं. पहिले कित्येक महिने डुक्कर आणताना माझा श्वास अडकायचा आणि बाकीचं गाव हातावर हात ठेवून बसायचं. आता डुक्कर येतं. कसं येतं ते बघायला मी तिथे नसतो.

एवढं होऊनही मला आपण सुधारलो असं का वाटलं नाही? याचं कारण खेळ तुमची जोड कशी लावतो त्यात आहे. जत्रेतल्या कुस्तीच्या मैदानात पंच पोरांची अंगकाठी बघून जोड लावतात ना, तसंच हे. रेवड्यांच्या कुस्तीत जिंकलेला पोरगा पुढच्या वर्षी नारळावर लढतो, मग शंभरावर, मग हजारावर. प्रत्येक वेळी समोर तोलामोलाचाच गडी. जोड विजोड लागली तर कडेचं पब्लिकच ओरडतं. पण मैदानातल्या पोराला आपण वर चढलो हे कळतं. इनाम वाढतं, हलगी जोरात वाजते, गावातला म्हातारा पाठीवर थाप मारून जातो. माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं. सातशेला होतो तेव्हा अर्धे डाव हरायचो, नऊशेला गेलो तेव्हा अर्धे हरायचो, अकराशेलाही अर्धेच. जिंकलो की खेळ जरा तगडा गडी समोर आणायचा, हरलो की जरा हलका. रोज रात्रीचा अनुभव तोच. जरा बरं चाललंय म्हणेपर्यंत कुणीतरी कणीक तिंबून जायचं.

उलट आपण दिवसेंदिवस बिघडत चाललोय असाच माझा समज होता, कारण चुका दिसायला लागल्या होत्या. पूर्वी हरलो की ‘समोरचा भारी होता’ एवढं एकच कारण असायचं. आता हरलो की सातव्या मिनिटाला घर बांधायला उशीर झाला, तिथे बरॅकचं लाकूड अडलं, म्हणून भालेवाले उशिरा आले, तोवर घोडे आत शिरले, अशी अख्खी वंशावळ दिसायची.

मग दिवाळीत सरकार आला.

तो आता पुण्यात असतो, चांगला मोठ्या हुद्द्यावर आहे. पाडव्याच्या संध्याकाळी फराळाला म्हणून आला तो लॅपटॉप घेऊनच. त्यानेही नवी आवृत्ती केव्हाच घेऊन ठेवली होती. मधूनमधून संगणकाशीच खेळतो, म्हणाला. जेवणाच्या टेबलावर चिवड्याचे डबे बाजूला सारून आम्ही समोरासमोर बसलो. मला आतून धाकधूक. होस्टेलच्या सगळ्या वर्षांत मी त्याला एकट्याने कधी हरवलं नव्हतं. आमच्या बॅचमध्ये कुणीच नव्हतं.

पहिल्या दोन-तीन मिनिटांतच काहीतरी विचित्र वाटू लागलं. त्याच्या माऊसचा आवाज येत होता. टक, थांबा, टक. माझा डावा हात कीबोर्डवर पळत होता, तो मात्र एकेक इमारत शोधून, तिच्यावर टिचकी मारून, खालचं चित्र निवडून गावकरी मागवत होता. डाव्या हाताने चकली खात होता. मध्येच “अरे तिच्यायला, डुकरानं खाल्लं एकाला,” म्हणून हसला.

दहाव्या मिनिटाला माझे घोडेस्वार त्याच्या लाकूडतोड्यांत शिरले.

“मर्दा, अजून तीस मिनिटं कुठं झाली?”

मला काय बोलावं कळेना. त्याने गावाची घंटा वाजवली, सगळे गावकरी टाऊन सेंटरमध्ये जाऊन बसले आणि काम बंद पडलं. ते बाहेर आले की मी परत घोडे घालायचो. इंटरनेटवर कुणी असा सापडला असता तर मी एक क्षणही विचार केला नसता. इथे समोर सरकार बसला होता, कपाळाला आठ्या घालून, चकली अर्धी तशीच टेबलावर. मी थोडं मागे घेतलं, त्याला भिंत पुरी करू दिली. तरी पंचविसाव्या मिनिटाला तो संपला. शेवटी आलेखांचा पडदा येतो त्यात त्याची रेघ जमिनीलगत आणि माझी छताला. होस्टेलमध्ये हा पडदा कुणी बघायचंच नाही, हरलेला आधीच पुढचा डाव मागत असायचा.

“क्लास लावलायस काय रे कुठं?” त्याने विचारलं. बायकोने स्वयंपाकघरातून परस्पर सांगितलं, “रोज रात्री एक वाजेपर्यंत असतो, भावजी, त्यांचा क्लास.”

तो गेल्यावर मी पहिल्यांदा माझं रेटिंग नीट बघितलं. बाराशेच्या वर होतं. तसं रोजच दिसायचं ते, पण मी त्याच्याकडे बघायचो ते फक्त आज सोळा आले की सोळा गेले एवढ्यापुरतं. सरासरी हजार, मी बाराशेवर. म्हणजे सरासरीच्या गड्याशी चार डाव झाले तर तीन माझे. दर दिवशी मार खाणारा मी! बसल्या बसल्या जरा ताठ झालो.

पण ही बातमी सांगायची कुणाला? पहिला येणाऱ्याचा फोटो ‘पुढारी’त येतो. नापास होणाऱ्याची निदान समजूत तरी काढतात. साठ-पासष्ट टक्केवाल्याला ‘बरंय’ म्हणून पुढच्याचा निकाल विचारतात. थोरल्या पोराला सांगून बघितलं, तर त्याने लगेच विचारलं, “जगात कितवे?” त्याचं उत्तर देण्यात अर्थ नव्हता. ऑर्यन लार्सन हा नॉर्वेचा गडी ‘द व्हायपर’ नावाने खेळतो. कॅनडाच्या ‘हेरा’चं नावही या खेळात असंच घेतलं जातं. ही मंडळी या खेळावर घर चालवतात. माझ्या आणि त्यांच्यामध्ये इतकं अंतर आहे की एलोंच्या सूत्रात घातलं तर माझ्या वाट्याला टक्क्याचा जो काही तुकडा येईल, तोसुद्धा त्यांच्या घरची वीज गेली तरच. थोरला म्हणाला, “मग काय उपयोग?” आणि मोबाइलवर स्वतःचा खेळ उघडून बसला. त्यातलं मला ओ की ठो कळत नाही.

तरी एक फरक पडला आहे. हरल्यावर पूर्वीइतका जाळ होत नाही. समोरचा माणूस मला हरवतो आहे तो बाराशेचा आहे, त्यानेही कुठेतरी बसून डुकरं आणायला शिकलेलं आहे, हे आता ठाऊक असतं. परवा एकाने माझं राज्य अठरा मिनिटांत निकाली काढलं आणि शेवटी नुसतं ‘११’ लिहिलं. या खेळात ११ टाइप केलं की खदाखदा हसण्याचा आवाज येतो, जुनी सोय आहे. मीही ११ लिहिलं. मग त्याने कुठं घोडे लपवले होते ते बघायला अख्खा डाव परत लावून बघितला.

वाईट एवढंच वाटतं की सरकार आता सरकार राहिला नाही. होस्टेलमधला तो एवढा भारी होता, की आम्हीच सगळे कच्चे होतो, हा प्रश्न आता सुटायचा नाही. आमच्या सगळ्यांचं तेव्हाचं रेटिंग काढलं असतं तर तो कदाचित आठशेला निघाला असता आणि बाकीचे त्याच्याही खाली. बॅचच्या ग्रुपवर मी त्या संध्याकाळबद्दल काही लिहिलं नाही. त्याने तर नाहीच.

मात्र कुणी कधी किती डाव खेळला हे खेळात दिसतं. दिवाळीनंतर सरकार रोज रात्री ऑनलाइन आहे. सुरुवातीला माझ्यासारखाच घरंगळला, आता नऊशे पार करून आलाय. संक्रांतीला सांगलीला येतोय, लॅपटॉप आणतोय, असा कालच त्याचा फोन होता. तीस मिनिटांचा नियम ठेवायचा का, म्हणून मी मुद्दाम विचारलं.

“कसला नियम?” म्हणाला.