टॉवरपासून दहा लिटरच्या डब्यापर्यंत : आमची वाटचाल

आज आम्ही छोटे गेमिंग पीसी बांधतो, पण 2009 साली कोथरूडमध्ये गाळा भाड्याने घेतला तेव्हा आमच्या पाटीवर 'गेमिंग' हा शब्दच नव्हता. 'कॉम्प्युटर विक्री व दुरुस्ती, एएमसी घेतली जाईल' एवढंच होतं. (एएमसी म्हणजे वर्षभराच्या देखभालीचा करार.) टायपिंग इन्स्टिट्यूट, सीएंची ऑफिसं, सोसायटीचे हिशेब बघणारे निवृत्त काका हे आमचं गिऱ्हाईक. सकाळी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून माल उचलायचा, दुपारी असेंबल करायचं आणि संध्याकाळी स्कूटरवर पायाशी टॉवर, म्हणजे पीसीचा मोठा उभा डबा, ठेवून पोचवायचा. मॉनिटर दुसऱ्या खेपेला. पुढे लॅपटॉप घरोघरी गेले आणि असेंबल्ड पीसीचा धंदा बसला. त्या काळात एएमसीने तारलं. उधारी बायकोने बंद केली, माझ्याच्याने ते झालं नसतं.

छोट्या पीसीचं वेड धाकट्या भावाने आणलं. 2016 मध्ये डॅन ए4-एसएफएक्स नावाचं कॅबिनेट, म्हणजे पीसीचा रिकामा डबा, किकस्टार्टर या लोकांकडून आगाऊ पैसे जमवणाऱ्या साइटवर आलं. आकारमान फक्त 7.2 लिटर आणि तरी आत पूर्ण लांबीचं ग्राफिक्स कार्ड (गेमची चित्रं स्क्रीनवर काढणारा पार्ट) बसत होतं. (या जगात कॅबिनेटचं माप लिटरमध्ये सांगतात. साधा टॉवर चाळीस-पन्नास लिटरचा असतो.) मला ते खेळणं वाटलं. पण हिंजवडीत नोकरी करणारी मुलं तेच मागत येऊ लागली, आणि त्यांचं कारण पक्कं होतं. अकरा महिन्यांचा करार संपला की फ्लॅट बदलायचा, दिवाळीला गावी जायचं, तिघांत एक टेबल. टॉवर हलवायचा म्हणजे टेम्पो. दहा लिटरचा पीसी पाठीवरच्या सॅकमध्ये जातो.

खरी गर्दी लॉकडाऊनमध्ये झाली. नेमकं तेव्हाच ग्राफिक्स कार्ड मिळेना. बराच माल क्रिप्टोच्या मायनिंगवाल्यांकडे (कार्डांवर आभासी चलन कमावणाऱ्यांकडे), उरलेला दीडपट-दुप्पट भावात. कूलर मास्टरच्या 18 लिटरच्या एनआर200 कॅबिनेटमध्ये आम्ही तेव्हा बरीच मशीन बांधली, त्यातली काही सुरुवातीला कार्डाविनाच गेली. सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाने मायनिंगच बंद केलं आणि बाजार जमिनीवर आला.

याच काळात पार्ट निवडण्याची आमची पद्धत उलटी झाली. टॉवर बांधताना लोक आधी प्रोसेसर आणि कार्ड ठरवतात आणि कॅबिनेट उरलेल्या पैशांत घेतात. छोट्या पीसीत सुरुवात कॅबिनेटपासून. कॅबिनेट ठरलं की निम्मी यादी आपोआप ठरते: बोर्ड (मदरबोर्ड) मिनी-आयटीएक्स, म्हणजे 17 सेंटीमीटरचा चौरस, रॅमचे स्लॉट दोन, कार्डाचा एक. एसएमपीएस, म्हणजे सगळ्यांना वीज देणारा पार्ट, एसएफएक्स या छोट्या मापाचा. खरं डोकं लागतं ते कार्ड आणि प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कुलरच्या भांडणात.

2023 मध्ये आलेलं फ्रॅक्टल कंपनीचं टेरा कॅबिनेट घ्या, साधारण 10.4 लिटरचं. यात एका बाजूला बोर्ड, दुसऱ्या बाजूला कार्ड आणि मध्ये धातूचा कणा. हा कणा सरकतो. कार्डाला 72 मिलिमीटर जाडी दिली तर प्रोसेसरच्या कुलरला उंची उरते 48. कुलरला 77 दिले तर कार्डाला 43. कसंही फिरवा, बेरीज 120. कार्डाची जाडी स्लॉटमध्ये, म्हणजे डब्यामागच्या खाचांत मोजतात: दोन स्लॉटचं कार्ड साधारण 40 मिलिमीटर, तीन स्लॉटचं 60 च्या पुढे. म्हणजे तीन स्लॉटचं कार्ड घेतलंत की नॉक्टुआचा 70 मिलिमीटरचा कुलर विसरा, थर्मलराइटचा 47 चा बसवा. आमच्या टेबलावर स्टीलची पट्टी आणि व्हर्नियर कायम असतं, कारण खोक्यावर छापलेल्या कार्डाच्या मापात पॉवर केबलचं वळण धरलेलं नसतं. 2022 च्या शेवटी एनव्हिडियाच्या आरटीएक्स 4090 कार्डाचे वीज देणारे कनेक्टर वितळल्याच्या बातम्या आल्या. तेव्हापासून केबल पूर्ण आत गेली आहे ना, हे आम्ही बॅटरी मारून बघतो, आणि बाजूचं पॅनल केबलला दाबत असेल तर कार्ड बदलतो. पॅनल जोर लावून बसवायचं नाही, हा भावाचा नियम.

प्रोसेसरचं उत्तर त्या मानाने सोपं होतं. रायझन 7 7800एक्स3डी एप्रिल 2023 मध्ये आला आणि छोट्या डब्यांचा प्रश्नच हलका झाला. कागदावर 120 वॉट, पण गेम खेळताना त्याहून बराच कमी खातो. इको मोडमध्ये 88 वॉटची मर्यादा घातली तरी गेममध्ये फरक दिसत नाही. रॅम डीडीआर5, 6000 वेगाची, पण वर धातूची शिंगं असलेली नको, कुलरला अडते. एसएसडी (फाइली साठवणारा पार्ट) बोर्डाच्या पाठीमागच्या स्लॉटला लावली तर तिथे वारा पोचत नाही, म्हणून मुख्य एसएसडी पुढे.

राइजर केबलने मात्र पिडलं. कार्ड बोर्डापासून दूर बसतं म्हणून ही चपटी केबल लागते. कार्ड आणि बोर्ड जेन 4 चे, म्हणजे जोडणीच्या चौथ्या, जास्त वेगवान पिढीचे झाले तरी बाजारात मिळणारी बरीच केबल जेन 3 ची होती. मशीन चालू, फॅन फिरतात, स्क्रीन काळी. गिऱ्हाइकाला वाटतं कार्ड गेलं. उपाय साधा: बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) स्लॉट जेन 3 वर ठेवायचा. पण स्क्रीनच काळी तर बायोस दिसणार कसा? बहुतेक रायझन 7000 प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स असतं, त्याच्या आधीच्या 5800एक्समध्ये नव्हतं. मग सगळं उघडून कार्ड थेट बोर्डात लावा, सेटिंग बदला, पुन्हा बांधा. आता जेन 4 ची केबल असल्याशिवाय आम्ही बिलच फाडत नाही.

परदेशातल्या चाचण्या लोक मोबाईलवर दाखवतात, 'दादा, यात तर 75 अंशच जातं'. ती खोली बहुधा विशीतल्या अंशांत असते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पुण्यात वरच्या मजल्यावरची खोली 35 ला सहज जाते, नागपूरला त्याच्याही पुढे. खोली 15 अंशांनी गरम तर आतलं तापमानही जवळपास तेवढंच चढतं. 7800एक्स3डी ची मर्यादा 89 आहे, म्हणजे तिकडे 75 वर आरामात चालणारं मशीन इकडे मर्यादेला टेकणार आणि स्वतःच वेग उतरवणार. म्हणून आमच्या टेस्टिंगच्या खोलीत एसी नाही. पॅनल लावून, दुपारी, पूर्ण लोडवर मशीन चालवतो. विदर्भ-मराठवाड्यात जायचं असेल तर यादीत एक पायरी खालचं कार्ड लिहितो किंवा कार्डाची वीज कापतो. 450 वॉटच्या 4090 ला 70 टक्क्यांवर आणलं तरी गेममधला फरक पाचेक टक्क्यांचा, आणि फॅनचा आवाज मात्र चटकन उतरतो. 'पैसे पूर्ण दिले, मग ताकद कमी का?' असं विचारणारे असतात. त्यांना समोर बसवून दोन्ही चालवून दाखवतो.

यूपीएसचं कुणी विचारतच नाही, ते आम्हीच विचारतो. घरोघरी असलेला 600 व्हीएचा यूपीएस साधारण 360 वॉटचा. गेम चालू असताना लाइट गेली की तो ओव्हरलोडने तिथेच बसतो.

आणि भाव. गेल्या वर्षी एका मुलाचे वडील सोबत आले होते. कोटेशन वाचून म्हणाले, "अहो साहेब, मोठा डबा स्वस्त आणि छोटा महाग? हे कुठलं गणित?" त्यांचं बरोबरच होतं. त्याच चिपसेटचा आयटीएक्स बोर्ड मोठ्या बोर्डापेक्षा महाग, एसएफएक्स एसएमपीएस महाग, वर आमची मजुरी जास्त, कारण टॉवर दोन तासांत होतो आणि याला दिवस जातो. मुलाला टेबल मोठं आहे का विचारलं, तर घरी स्वतंत्र खोली निघाली. मग टॉवरच दिला, कार्ड एक पायरी वरचं आलं. असे बरेच जण आम्ही टॉवरकडे वळवतो. भाऊ कुरकुरतो.

सध्या विचारणा आरटीएक्स 5090 ची आहे. एनव्हिडियाचं स्वतःचं कार्ड दोन स्लॉटचं, म्हणजे टेरात मापाने बसतं. पण ते 575 वॉट खातं, आणि ती सगळी उष्णता शेवटी खोलीतच येते. 10 लिटरमध्ये आम्ही ते बांधून देत नाही. 300 वॉटचं 5070 टीआय देतो, फार तर 360 वॉटचं 5080, तेही खोलीला एसी आहे का विचारून.