उलटी प्लेट

आमच्या विभागात उसाच्या चाबूक काणी या बुरशीच्या रोगावर काम चालू होतं. चिकोडी, हुक्केरीकडं उसावरच घराचं वर्ष निघतं, आणि शेंड्यातून काळा चाबूक बाहेर पडला की ते बेट उपटून जाळावंच लागतं. काणी लागल्यावर उसातले कुठले जनुक जागे होतात हे मायक्रोअॅरेवर, म्हणजे जनुकांचे ठिपके छापलेल्या काचेवर, बघायचं होतं. त्यासाठी क्लोन तयार करायचं काम माझ्याकडे.

क्लोन दुसऱ्या प्रयोगशाळेतून कोरड्या बर्फात आलेले. ९६ वेल म्हणजे खळगे असलेल्या प्लेट्स, प्रत्येक वेलमध्ये ग्लिसरॉलात गोठवलेले ई. कोलाय जिवाणू, त्यांच्या प्लाझ्मिडमध्ये, म्हणजे डीएनएच्या छोट्या कड्यात, उसाचा एकेक जनुक. अँपिसिलिन घातलेल्या एलबी या पोषक द्रावणात ३७ अंशांवर रात्रभर वाढवायचे, एम१३ प्रायमर लावून पीसीआरनं जनुकाच्या प्रती काढायच्या, मग त्यांची लांबी बघायला जेल. याला हमाली म्हणतात. मला ते कधीच पटलं नाही. काचेवरचा ठिपका आपलं नाव सांगत नाही. कुठल्या वेलमधून उचलला, एवढीच त्याची ओळख.

त्या दिवशी जेल यूव्हीखाली ठेवला. पट्ट्या स्वच्छ, एकेरी. पण प्लेटच्या शेवटच्या कोपऱ्यातल्या एच१२ मध्येही पट्टी! ती वेल तर मुद्दाम रिकामी ठेवलेली. आणि पहिल्या कोपऱ्यातली ए१ कोरी. एकीत संसर्ग झाला, दुसरीत क्लोन वाढला नाही, असं म्हणून पुढं जाता आलं असतं. दोन्ही गोष्टी नेहमी घडतात. पण सी४ ला बुरशीची भिंत फोडणाऱ्या कायटिनेजचा जनुक होता. प्लाझ्मिडचा तुकडा धरून साधारण १२०० बेसची पट्टी हवी, दिसत होती जेमतेम ५०० ची. १२०० ची सापडली एफ९ मध्ये. मी यादीचा तक्ता डोकं खाली करून फोटोशेजारी ठेवला. एकेक लांबी जुळत गेली.

"मॅडम, प्लेटच उलटी भरून आलीय."

"कशावरून?"

मी तक्ता दाखवेपर्यंत प्रयोगशाळेतल्या मामांनी फ्रीझरमधून मूळ प्लेट काढली. "बाई, लेबल बघितलासा काय? बाकीच्यांचं कापल्या कोपऱ्याच्या अंगाला हाय, हिचं पल्याड."

मॅडमना तेवढ्यावर यादी बदलायची नव्हती, आणि ते बरोबरच होतं. सी४, एफ९ आणि डी७ सिक्वेन्सिंगला, म्हणजे डीएनएची अक्षरं वाचून घ्यायला, पाठवले. कायटिनेज एफ९ मध्येच निघाला.

ही प्लेट तशीच छापली असती तर सायथ्री-सायफाइव्ह या चमकणाऱ्या रंगांचे हिरवे-लाल ठिपके छान उमटले असते, संगणकानं आकडे दिले असते, आणि कायटिनेजच्या नावावर भलत्याच जनुकाची नोंद झाली असती. प्रयोग पुन्हा केला तरी उत्तर तेच, कारण ठिपके त्याच प्लेटचे. याचीच मला सगळ्यात धास्ती वाटली. पुनरावृत्तीनं पकडली जात नाही अशी ही चूक, आणि ती अडते फक्त जेलपाशी.

उरलेल्या सगळ्या प्लेट्सचा जेल आधी, छपाई नंतर, असं मॅडमनी ठरवलं. छपाईची तारीख पुढं गेली म्हणून थोडी कुरकुर झाली. मी संध्याकाळीच पुढच्या प्लेटसाठी एलबी ओतायला घेतलं.