उदारमतवादी पक्ष बाजारपेठेवरूनच का फुटतात?

उदारमतवादी पक्षांचा इतिहास वाचताना एक गोष्ट मला सतत अस्वस्थ करते. धर्मस्वातंत्र्य, मुद्रणस्वातंत्र्य, मताधिकार, कायद्यापुढील समानता या प्रश्नांवर खांद्याला खांदा लावून लढलेली माणसे, बाजारपेठेत सरकारने कितपत लक्ष घालावे हा प्रश्न उपस्थित होताच एकमेकांसमोर उभी ठाकतात. हे भांडण सामान्यतः 'सरकार मोठे असावे की लहान' अशा शब्दांत मांडले जाते आणि ती मांडणी मला अपुरी वाटते. माणसाच्या स्वातंत्र्याला धोका फक्त सरकारकडून असतो, की मालक, जमीनदार आणि मक्तेदार यांच्याकडूनही असतो, हा या वादाचा गाभा आहे. मी स्वतः दुसऱ्या मताचा आहे. मात्र सरकारी सत्तेबद्दलचा पहिल्या गटाचा संशय टाकून दिला, तर उदारमतवादात उदार असे काही शिल्लक राहत नाही, हेही मी तितक्याच ठामपणे मानतो.

ब्रिटनमध्ये हा मतभेद बराच काळ झाकलेला राहिला, कारण तिथल्या उदारमतवाद्यांना एकत्र आणणारा प्रश्नच असा होता की त्यावर दोन्ही गटांचे उत्तर एक येई. आयात धान्यावर जकात बसवणारे कायदे जमीनदारांचे उत्पन्न राखत होते आणि त्याची किंमत पाव विकत घेणारा गिरणी कामगार मोजत होता. 1846 मध्ये पंतप्रधान रॉबर्ट पील यांनी स्वतःचा हुजूर पक्ष फोडून हे कायदे रद्द केले, तेव्हा व्यापार मोकळा झाला आणि गरिबाचे अन्नही स्वस्त होण्याची वाट खुली झाली. पुढे 1859 मध्ये पीलचे अनुयायी, व्हिग (हुजूर पक्षाचा जुना, सरदारी वळणाचा विरोधक गट) आणि रॅडिकल (जहाल सुधारणावादी) एकत्र येऊन उदारमतवादी पक्ष उभा राहिला, तो बऱ्याच अंशी या खुल्या व्यापाराच्या बळावर. आपण खुला व्यापार नेमका कशासाठी मागतो आहोत, सरकारचा हात आखडावा म्हणून की दुबळ्याचे जगणे सुसह्य व्हावे म्हणून, हे एकमेकांना विचारण्याची वेळ त्या काळात त्यांच्यावर क्वचितच आली.

जिथे ती आली, तिथे फट लगेच दिसली. कापडगिरण्यांतील स्त्रिया व अल्पवयीन मुलांसाठी दहा तासांची मर्यादा घालणारा कायदा 1847 मध्ये झाला. धान्य कायद्यांविरुद्ध रान उठवणारे जॉन ब्राइट यांनी त्याला कडाडून विरोध केला, तर मेकॉले या व्हिग नेत्याने त्याची बाजू संसदेत मांडली होती. आयर्लंडचा दुष्काळ तर याहून भीषण होता. बटाट्याचे पीक गेल्यावर पील यांनी सुमारे एक लाख पौंडांचा अमेरिकन मका सरकारी पैशाने आणवला होता. 1846 च्या उन्हाळ्यात त्यांच्या जागी आलेल्या जॉन रसेल यांच्या व्हिग सरकारने धान्याचा व्यवहार शक्यतो खासगी व्यापाऱ्यांवर सोडण्याचे ठरवले आणि आयर्लंडमधून होणारी अन्नाची निर्यात चालूच राहिली. पुढच्या वर्षी त्याच सरकारला सार्वजनिक अन्नछत्रे उघडावी लागली आणि 1847 च्या जुलैमध्ये तिथे रोज सुमारे 30 लाख माणसे जेवत होती. म्हणजे हे काम सरकारला जमत होते. तरीही ती छत्रे काही महिन्यांतच बंद केली गेली. या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली. हातात पैसा नसलेल्या माणसाची भूक बाजारपेठेला मागणी म्हणून दिसतच नाही, ही साधी गोष्ट ज्या सिद्धान्ताच्या नजरेतून निसटते, त्याला मी स्वातंत्र्याचा सिद्धान्त म्हणू शकत नाही.

या मतभेदाला तात्त्विक रूप मिळाले ते 1880 च्या दशकात. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ टी. एच. ग्रीन यांनी 1881 मध्ये लेस्टरला दिलेल्या व्याख्यानात कराराच्या स्वातंत्र्याचाच प्रश्न हाती घेतला. उपाशी कुळाने जमीनदाराशी केलेला करार नावापुरता स्वेच्छेचा असतो आणि माणसाला आपल्या क्षमता प्रत्यक्षात वापरता येणे हे खरे स्वातंत्र्य होय, अशी त्यांची भूमिका होती. तीन वर्षांनी इंग्रज विचारवंत हर्बर्ट स्पेन्सर यांनी उलट इशारा दिला. बंधने काढून टाकणे हे ज्या पक्षाचे काम होते, तोच आता सद्हेतूने नवी बंधने लादू लागला आहे. प्रत्येक कायदा अधिकाऱ्यांचा वर्ग वाढवतो आणि तो वर्ग पुढच्या कायद्याची मागणी करतो, असे त्यांचे म्हणणे होते. स्पेन्सर यांचे अनेक निष्कर्ष मला निष्ठुर वाटतात. परंतु परवान्यांच्या आणि कोट्याच्या राज्याने विसाव्या शतकात अनेक देशांत काय केले हे पाहिल्यावर त्यांचा हा इशारा कोणीही हसण्यावारी नेऊ नये.

विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश उदारमतवाद्यांनी या दोन्ही प्रेरणा एका अर्थसंकल्पात बांधून दाखवल्या. युद्धनौका आणि सत्तरी ओलांडलेल्यांना मिळणारे आठवड्याला कमाल पाच शिलिंगचे निवृत्तिवेतन यांसाठी पैसा हवा होता. आयात मालावर जकात बसवून तो उभारा, असे जोसेफ चेंबरलेन यांच्या मागे गेलेला हुजूर पक्ष म्हणत होता. उदारमतवादी सरकारचे अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांनी 1909 मध्ये त्याऐवजी मोठ्या उत्पन्नावर आणि जमिनीच्या वाढत्या मूल्यावर कर सुचवला. व्यापार खुला ठेवायचा असेल तर सरकारचा खर्च श्रीमंतांच्या करातून भागवावा लागेल, हे त्यातले गणित होते. उदारमतवाद्यांचेच माजी पंतप्रधान लॉर्ड रोझबेरी यांनी या अर्थसंकल्पाला क्रांती ठरवून विरोध केला. दोन वर्षांनी आलेल्या राष्ट्रीय विमा कायद्यात कामगाराचे आठवड्याला चार पेनी, मालकाचे तीन आणि सरकारचे दोन असा वाटा ठरला. मालकाने दर आठवड्याला कार्डावर तिकीट चिकटवायचे आणि कामगाराच्या हिश्शाचे पैसे पगारातून कापून घ्यायचे. आजारपणात मिळणारा पैसा कामगाराने स्वतः भरलेल्या वर्गणीतूनही येत होता, त्यामुळे त्याला कोणापुढे हात पसरावा लागत नव्हता. ही सक्ती होती यात शंका नाही, पण तिने माणसाचे परावलंबन कमी केले.

पहिल्या महायुद्धाने हा पक्ष मोडला, त्याची कारणे मुख्यतः वेगळी होती. 1931 नंतर मात्र पुन्हा जकातीचाच प्रश्न पुढे आला. उदारमतवाद्यांपैकी जॉन सायमन यांचा गट हुजूर पक्षासोबत जकात स्वीकारून सरकारात राहिला, तर हर्बर्ट सॅम्युएल यांच्या गटाने 1932 मध्ये ऑटावा करारांवरून, म्हणजे साम्राज्यातील देशांना जकातीत झुकते माप देणाऱ्या करारांवरून, मंत्रिपदे सोडली.

या वादात मला सर्वांत जास्त शिकवणारे उदाहरण जर्मनीतले आहे. लाकडाचा लगदा तयार करणाऱ्या सॅक्सनीतील कारखानदारांनी आपला माल फक्त सामाईक विक्री कार्यालयामार्फत विकण्याचा करार केला होता. त्यातील एकाने बाहेर माल विकला, म्हणून प्रकरण न्यायालयात गेले आणि 1897 मध्ये साम्राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कराराचा भंग करणाऱ्याविरुद्ध निकाल दिला. एकमेकांशी स्पर्धा न करण्याचा करारही कराराच्या स्वातंत्र्यात बसतो, असा त्याचा अर्थ झाला आणि जर्मनी उद्योगांच्या अशा संगनमतांचा (कार्टेलांचा) देश बनला. इथे सरकार बाजूला राहिले होते, असे म्हणता येईल का? दंड वसूल करून देणारे न्यायालय सरकारचेच होते. करार कोणता पाळायला लावायचा आणि कोणता नाही, भागधारकाची जबाबदारी किती, पेटंट किती वर्षांचे, हे सगळे कायदा ठरवतो. त्यामुळे 'हस्तक्षेप नको' या मागणीत कोणता तरी आधीचा हस्तक्षेप गृहीत धरलेला असतोच.

फ्रायबुर्ग विद्यापीठातील वाल्टर ऑयकेन आणि फ्रान्झ बोम यांनी हे नेमके ओळखले. खासगी सत्ता आणि सरकारी सत्ता एकमेकींना पोसतात, म्हणून सरकारने किमती ठरवू नयेत, पण स्पर्धा जिवंत ठेवणारी चौकट खंबीरपणे राखावी, हा त्यांचा आग्रह होता. पुढे पश्चिम जर्मनीचे अर्थमंत्री झालेले लुडविग एर्हार्ट यांनी 1948 मध्ये चलनबदलाबरोबर बहुसंख्य किमतींवरील नियंत्रणे उठवली, आणि त्याच एर्हार्ट यांनी उद्योगपतींच्या संघटनेशी अनेक वर्षे झुंजून 1957 मध्ये संगनमतविरोधी कायदा मंजूर करून घेतला. या दोन कृतींत मला कुठलीच विसंगती दिसत नाही. पहिलीने सरकारची पकड सैल केली, दुसरीने मक्तेदारांची.

त्याच फ्रायबुर्गमध्ये 1971 साली जर्मनीच्या उदारमतवादी फ्री डेमोक्रॅटिक पक्षाने भांडवलशाहीच्या सुधारणेचा, कामगारांना कंपन्यांच्या संपत्तीत वाटा देण्याचा कार्यक्रम स्वीकारला. अकरा वर्षांनी त्याच पक्षाचे अर्थमंत्री ओटो लाम्ब्सडॉर्फ यांनी सामाजिक खर्चात कपात सुचवणारे टिपण काढले, सोशल डेमोक्रॅट पक्षाशी असलेली आघाडी तुटली आणि फ्री डेमोक्रॅटांच्या पाठिंब्याने ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाचे हेल्मुट कोल चॅन्सेलर झाले. पक्षाचे सरचिटणीस गुंटर फेरहॉयगेन यांच्यासह अनेकजण पक्ष सोडून सोशल डेमोक्रॅट पक्षात गेले. अकरा वर्षांत पक्षाचे तत्त्वज्ञान एवढे बदलले असे मी मानत नाही. त्याच्या दोन अंगांपैकी कोणते पुढे येणार, हे आघाडीतला जोडीदार ठरवत राहिला. ब्रिटनच्या लिबरल डेमोक्रॅट पक्षाचेही तेच झाले. 2010 मध्ये हुजूर पक्षासोबत सत्तेत गेल्यावर, विद्यापीठांचे शुल्क वाढवणार नाही अशी शपथ घेतलेले त्याचे खासदार वर्षाला 9,000 पौंडांपर्यंतच्या शुल्काच्या प्रस्तावावर दुभंगले, आणि 2015 मध्ये 57 जागांच्या 8 झाल्या. जर्मनीत 2024 च्या नोव्हेंबरमध्ये सरकारी कर्जावरील घटनात्मक मर्यादेचा वाद विकोपाला गेला, फ्री डेमोक्रॅटिक पक्षाचे अर्थमंत्री क्रिस्टियान लिंडनर यांना बडतर्फ करण्यात आले आणि पुढच्या निवडणुकीत त्यांचा पक्ष पाच टक्क्यांच्या खाली जाऊन संसदेबाहेर पडला.

नेदरलँड्समध्ये दोन्ही प्रवाहांनी वेगळी घरे केली आहेत. बाजारपेठेकडे झुकलेला व्हीव्हीडी 1948 चा, तर सामाजिक उदारमतवादी डी66 हा 1966 चा. हे दोन पक्ष निवडणुकीत एकमेकांविरुद्ध लढतात आणि 2017 सारख्या प्रसंगी एकाच मंत्रिमंडळात बसतात. मतदाराला आपण कशाला मत देतो आहोत हे त्यामुळे निदान आधी कळते. तरीही मला एकाच पक्षातले भांडण अधिक मोलाचे वाटते, कारण त्यात प्रत्येक अनुदान, प्रत्येक जकात, प्रत्येक परवाना आणि प्रत्येक करसवलत याबाबत दोन्ही बाजूंना एकमेकींना विचारावे लागते की यातून कोणाची सत्ता मोडते आणि कोणाला नवी सत्ता मिळते. वेगळ्या घरांत राहिल्यावर हा प्रश्न आपल्याच माणसांकडून विचारला जाण्याची सोय उरत नाही.